खेरडी ते हेग

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी फोन करून सांगितलं, “मुलांना घेऊन परदेशात जाऊन आलात ना, मग त्यावर अर्धा तास बोला. व्हिसा कसा काढायचा, खाण्याचं काय, मुलं कंटाळतात का, असं सगळं सांगा.” ते सांगतोच. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर आयफेल टॉवरचे फोटो कुठे आहेत म्हणून तुम्ही वाट बघत बसाल. आम्ही युरोप पाहिलेला नाही. आठ दिवसांत सहा देश, रोज सकाळी सहाला बॅगा खाली आणि बसमध्ये झोप, हे आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. मुलगी आठवीत आहे आणि मुलगा चौथीत. त्यांच्या पायांचा आणि आपल्या खिशाचा विचार करून आम्ही एकच शहर धरलं आणि नऊ दिवस तिथेच काढले. ते शहर म्हणजे नेदरलँड्समधलं हेग.

हेगच का? एक कारण घरगुती आहे. आमचा भाचा शेजारच्या डेल्फ्ट गावात नोकरीला आहे, त्यामुळे राहण्याची सोय झाली. डेल्फ्टहून एक नंबरची ट्राम निघते, ती हेगमधून जाऊन थेट शेवेनिंगेनच्या समुद्रकिनाऱ्याला पोचते. दुसरं कारण मात्र आपलं आहे, म्हणजे या सभागृहात बसलेल्या सगळ्यांचं. आपली खेरडी, खानवेल, सिल्वासा, नरोली, दादरा ही गावं कोणाची, तिथे कोणी कोणत्या वाटेने जायचं, यावर जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात खटला चालला होता. तो हेगमध्ये चालला. आपल्यापैकी किती जणांच्या मुलांना हे माहीत आहे, हे हात वर करून विचारत नाही. आमच्या मुलांना माहीत नव्हतं.

ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची का वाटली ते थोडक्यात सांगतो. आम्ही मूळचे जळगावकडचे. वडील कारखान्याच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. आपल्यापैकी बहुतेकांची कथा अशीच, फक्त जिल्हा बदलायचा. मुलांचा जन्म इथला, शाळा इथली. कोणी विचारलं, “तुम्ही कुठले?” तर आम्ही पटकन सांगतो, जळगावचे. मुलगी एकदा म्हणाली, “तुम्ही असाल, मी नाही. मला तिथे बसस्टँड कुठे आहे तेही माहीत नाही.” मग इथली म्हणावं, तर शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, तुम्ही तर महाराष्ट्रातले. सुट्टीत जळगावला गेलं की तिकडची भावंडं म्हणतात, तू गुजरातची ना? आपण गुजरातमध्ये राहत नाही हे त्यांना समजावून सांगता सांगता सुट्टी संपते. त्यात आता आपल्या केंद्रशासित प्रदेशाचं नाव एवढं लांब झालंय, 26 जानेवारी 2020 पासून दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव, की ट्रॅव्हलवाल्याच्या फॉर्ममधल्या चौकटीत ते बसेना. शेवटी त्याने ‘दादरा आणि न’ एवढंच टाइप करून ठेवलं.

तर आधी चिटणीसांचे प्रश्न. युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा असतो आणि तुम्ही जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. मोठ्यांना 90 युरो फी आहे, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मी आणि 6 वर्षांखालच्यांना माफ. मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचं पत्र जवळ ठेवा. भेटीची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून मे महिन्यात जायचं तर थंडीतच कामाला लागा. खाण्याचं म्हणाल, तर शेजारच्या बेननी दिलेले थेपले आणि आमचं मेतकूट यांवर पहिले तीन दिवस निघाले. तिथली माणसं दुपारी पाव आणि चीज एवढ्यावर भागवतात, गरम जेवण संध्याकाळी. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका. स्टेशनवर लघवीला पैसे पडतात. सुट्टी नाणी लागतील म्हणून आम्ही मुठीत धरून गेलो, तर तिथे कार्ड चालत होतं.

मुलांना सर्वांत आधी काय आवडलं असेल? सायकली. रस्त्याच्या कडेला तांबूस रंगाचा वेगळा पट्टा असतो, तो सायकलींचा. आपल्याला वाटतं ती पायवाट आहे, म्हणून आपण त्यावर उभं राहून फोटो काढतो आणि मागून घंटी वाजते. घंटी वाजवणाऱ्या बाई सत्तरीच्या असतात आणि पुढच्या टोपलीत कोथिंबिरीसारखं काहीतरी असतं. दोन दिवसांत मुलं शहाणी झाली आणि आम्हालाच हात धरून मागे ओढायला लागली. दुसरी गंमत उजेडाची. मे अखेरीस तिथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. “अजून दिवस आहे, मग झोपायचं कसं?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मादुरोडाम नावाची एक बाग आहे. 1952 पासून आहे, आणि त्या देशातल्या इमारती, बंदरं, पूल, विमानतळ सगळं पंचविसाव्या हिश्शाने लहान करून तिथे मांडलंय. मुलगा तिथून हलेना. समुद्राने निराशा केली. दमणच्या देवका किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला उन्हाळ्यात समुद्रावर स्वेटर घालावा लागतो हे पटलं नाही. पाय बुडवले, किंचाळला, परत आला.

आता त्या खटल्याच्या जागेकडे येतो. मराठीत आपण तिला शांतता महाल म्हणू. ट्रामचा थांबाच त्या नावाचा आहे. लाल विटा, उंच मनोरा, समोर हिरवळ. अमेरिकेतला पोलादाचा धनाढ्य अँड्र्यू कार्नेगी याने 15 लाख डॉलर दिले आणि 28 ऑगस्ट 1913 रोजी ही वास्तू उघडली. देशादेशांतलं भांडण युद्धाऐवजी कोर्टात मिटावं, हा हेतू. वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं, तो भाग वेगळा. वेगवेगळ्या देशांनी तिथे वस्तू भेट दिल्या आहेत. कोणाचा गालिचा, कोणाचं घड्याळ, कोणाच्या रंगीत काचांच्या खिडक्या. रशियाने तर काही टन वजनाचं दगडी फुलपात्र दिलंय. आतली फेरी आधी नाव नोंदवूनच मिळते, आणि न्यायालयाचं कामकाज असेल तेव्हा मिळत नाही. जाणार असाल तर तारीख बघून तिकीट काढा. फाटकाबाहेर एक ज्योत तेवत असते आणि तिच्याभोवती निरनिराळ्या देशांचे दगड बसवले आहेत. मुलगा भारताचा दगड शोधायला पळाला. मुलगी पोर्तुगालच्या दगडापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “हे दोघं इथे भांडले ना?”

गोष्ट सांगायला आम्ही तिथल्याच एका बाकावर बसलो. इथल्या ज्येष्ठांना ती पाठ आहे, तरी मुलांसाठी जशी सांगितली तशी सांगतो.

17 डिसेंबर 1779 रोजी पुण्यात पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. सवाई माधवराव तेव्हा लहान होते, कारभार कारभाऱ्यांच्या हातात होता. पोर्तुगीजांच्या बाजूने पुणे दरबारात बोलणी करणारा वकील नारायण शेणवी धुमे हा गोमंतकीय होता. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणारे आपल्याच भाषेचे. मराठ्यांनी पोर्तुगीजांचं एक जहाज पकडलं होतं, मैत्रीही हवी होती, तेव्हा ठरलं की वार्षिक बारा हजार रुपयांच्या वसुलीची गावं पोर्तुगीजांना द्यायची. त्याप्रमाणे 1783 मध्ये नगर हवेलीची गावं मिळाली आणि 1785 मध्ये दादरा. ही गावं आपली. पुढे पेशवाई गेली, इंग्रज आले, आणि चहूबाजूंनी इंग्रजी मुलूख, मध्ये पोर्तुगीज दादरा आणि पोर्तुगीज नगर हवेली, असं सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चाललं. दमणच्या अधिकाऱ्याला सिल्वासाला यायचं तर इंग्रजांच्या जमिनीवरून यावं लागायचं.

मुलाला हे लगेच समजलं. आपण वापीहून येताना स्वागताच्या किती पाट्या लागतात ते तो मोजत असतो. दादरा लागतं, ते संपतं, गुजरात लागतं, मग पुन्हा आपण. नगर हवेलीच्या पोटात मेघवळ हे गुजरातचं गाव आहे, ते त्याने नकाशात स्वतः शोधून काढलं. मुंबईतल्या मुलांना जे समजावायला अर्धा तास लागेल ते आपल्या मुलांच्या रोजच्या रस्त्यावर आहे.

1954 चं फार सांगत नाही. 22 जुलैला दादरा मुक्त झालं, 28 ला नरोली, आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी ही नावं आपण दरवर्षी मुक्तिदिनाला ऐकतो. सुधीर फडके म्हणजे गीतरामायणवाले तेच, हे ऐकून मुलीचे डोळे मोठे झाले. पोर्तुगीजांचा कप्तान फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलच्या दिशेने मागे हटला आणि 11 ऑगस्टला शरण आला. आपण खानवेलला जातो तेव्हा तीच बाजू. मुलगा म्हणाला, “आपल्या घरावरून गेला असेल?” तेव्हा आपलं घर नव्हतं, कारखानेही नव्हते, हे सांगून झालं तरी तो त्याच विचारात होता.

पोर्तुगालला 14 डिसेंबर 1955 रोजी संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला, आणि आठच दिवसांनी, 22 डिसेंबरला, त्यांनी भारतावर दावा दाखल केला. म्हणणं असं, की दमणहून दादरा आणि नगर हवेलीला जाण्याचा आमचा हक्क आहे आणि भारताने तो अडवला. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. भारतातर्फे खास न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला बसले. आधी हा खटला चालवायचाच का, यावर वाद झाला, मग मूळ मुद्द्यावर. निकाल लागला 12 एप्रिल 1960 रोजी.

हा निकाल इंटरनेटवर पूर्ण मिळतो, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. मुलीने भाच्याच्या फोनवर तो उघडला. आठवीतल्या मुलीला त्यातलं किती समजणार? पण ती वरून खाली नजर फिरवत होती आणि मध्येच थांबली. “आई, इथे सरंजाम लिहिलंय.” रोमन लिपीत, पण शब्द तोच. पोर्तुगालचं म्हणणं होतं की पेशव्यांनी ही गावं कायमची देऊन टाकली, मालकी दिली. भारताचं म्हणणं होतं की नाही, दिला तो सरंजाम, जहागीर. म्हणजे वसूल घ्या, पण धनी आम्हीच. तहाचे वेगवेगळे मजकूर कोर्टापुढे आले, 1783 आणि 1785 च्या सनदा आल्या, आणि पुण्याच्या दरबारात लिहिलेल्या मजकुराचा अर्थ काय, यावर पंधरा जणांनी विचार केला. कोर्टाने मराठ्यांच्या काळापुरतं भारताचं म्हणणं मान्य केलं: मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं, वसुलीचा हक्क दिला होता. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली, म्हणून ती मानावी लागते, असंही म्हटलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मुलांना दोन्ही सांगाव्यात असं आमचं मत आहे. आपली बाजू तेवढी सांगितली तर मुलं मोठी झाल्यावर दुसरी स्वतः वाचतील आणि आपल्यावरचा विश्वास कमी होईल.

तर मुलीचा प्रश्न असा होता: “आजी म्हणते तो सरंजाम?” आमच्याकडे गणपतीच्या आदल्या रात्री आजी ओरडत असते, पूजेचा सगळा सरंजाम एका जागी काढून ठेवा. चौरंग, समई, जानवं, गुलाल, पंचपाळ. मुलीच्या डोक्यात सरंजाम म्हणजे एवढंच. तिला सांगितलं, शब्द तोच. दरबाराकडून सरदाराला फौजेच्या खर्चासाठी जो मुलूख लावून देत तोही सरंजाम, आणि समई-गुलाल हाही सरंजाम. ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली. घरात मराठी वाचायला दिलं की जी मुलगी “नंतर” म्हणते, तिने तो परिच्छेद तीनदा वाचला.

निकालाचं गणित तिने वहीत लिहून घेतलं. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता: 11 विरुद्ध 4. सैन्य, हत्यारबंद पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा नेण्याचा हक्क नव्हता: 8 विरुद्ध 7. आणि 1954 मध्ये तणावाच्या परिस्थितीत भारताने वाट अडवली, त्यात भारताचं काही चुकलं नाही: 9 विरुद्ध 6. मुलगा म्हणाला, “म्हणजे भाजी नेता येईल, बंदूक नाही?” त्याहून चांगला सारांश आम्ही कुठे वाचलेला नाही. मग त्याचा पुढचा प्रश्न, “एका मताने?” होय, बंदुकीच्या मुद्द्यावर एका मताने. आपल्या मंडळाच्या निवडणुकीतसुद्धा यापेक्षा जास्त फरक असतो.

“मग आपण जिंकलो की नाही?” हा प्रश्न त्याने आतल्या फेरीत, मोठ्या न्यायदालनात, जरा मोठ्यानेच विचारला. ते दालन भव्य आहे. लांबच्या लांब बाक, मागे रंगीत काचा, त्यातून येणारा उजेड. फेरी दाखवणाऱ्या बाई डच होत्या. त्यांनी विचारलं, मुलगा काय म्हणतो? आम्ही सांगितलं, याच्या गावाचा खटला इथे चालला होता. त्यांना कोणतं गाव ते कळलं नाही, पण त्या थांबल्या. मुलीला नाव नीट उच्चारायला लावलं, लिहून घेतलं आणि बाकीच्या लोकांना सांगितलं की आज आपल्यामध्ये एका खटल्याच्या गावची मुलं आहेत. दहा-बारा अनोळखी माणसं वळून आमच्या पोरांकडे बघायला लागली. मुलगी लाजली. मुलाने मात्र हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला.

कोणी म्हणेल, एवढं सांगायला हेगला कशाला जायचं, इथे वाचनालयात बसून सांगता आलं असतं. सांगता आलं असतं. पण इथे आम्ही बोललो असतो आणि त्यांनी जांभई दिली असती. परक्या शहरात चार दिवस काढले की मुलांना आपण कुठून आलो याची जाणीव होते, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. विमानतळावरचा अधिकारी विचारतो, ट्रामवाला विचारतो, बागेत खेळायला आलेला मुलगा विचारतो. “इंडिया” म्हटलं की पुढचा प्रश्न, मुंबई? दिल्ली? पहिल्या दिवशी आमचा मुलगा सरळ “मुंबई” सांगून मोकळा व्हायचा. शांतता महालानंतर तो म्हणायला लागला, “सिल्वासा. तुमच्या कोर्टाला विचारा.”

आणखी एक गोष्ट त्याच बाकावरची. मुलांना सांगितलं की 1954 ते 1961 या सात वर्षांत आपण पोर्तुगीजही नव्हतो आणि कायद्याने भारतातही नव्हतो. वरिष्ठ पंचायत कारभार करत होती. पोर्तुगीज तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा इंग्रजी छाप मारून टपाल चालवलं गेलं. आणि विलीनीकरणाच्या करारावर भारताच्या पंतप्रधानांबरोबर सही करायला समान दर्जाचा माणूस हवा, म्हणून 11 ऑगस्ट 1961 रोजी बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं आपल्याकडचं पंतप्रधान केलं. मुलं हसून हसून लोळली. “आपला वेगळा देश होता? मग आपला संघ का नाही क्रिकेटचा?” पोर्तुगालने हे सगळं मान्य केलं ते 1974 च्या अखेरीस, त्यांच्याकडची हुकूमशाही गेल्यावर.

बेल्जियमच्या सीमेवर बार्ले नावाचं गाव आहे, तिथे आपल्यासारखेच तुकडे आहेत, एका घरातून दोन देशांची सीमा जाते आणि दोन्ही देशांचा वाद याच कोर्टाने 1959 मध्ये ऐकला. आम्ही गेलो नाही, पाय दुखत होते. मुलगा अजून त्यावरून बोलतो.

आता शेवटचा भाग, जो आमच्या मनात घोळत राहिलाय.

भाच्याने सांगितलं, थेपले संपले ना, चला, तुम्हाला हेगमधल्या हिंदुस्तानी भागात नेतो. आम्हाला वाटलं, नुकतेच गेलेले आयटीवाले असतील. तसं नव्हतं. दक्षिण अमेरिकेत सुरिनाम नावाचा देश आहे. तिथे उसाच्या मळ्यांत काम करायला डचांनी उत्तर प्रदेश आणि बिहारमधून मजूर नेले. लल्ला रुख नावाचं पहिलं जहाज कलकत्त्याहून निघून 5 जून 1873 रोजी तिकडे पोचलं. 1916 पर्यंत चौतीस हजारांच्या आसपास माणसं गेली. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, तेव्हाच्या सुमारास त्यांच्यातले पुष्कळ जण नेदरलँड्सला आले, आणि सर्वांत जास्त हेगमध्ये राहिले. बाजाराजवळच्या रस्त्यावर साड्यांची दुकानं, देवांच्या तसबिरी, रोटीची दुकानं. रोटी म्हणजे मोठी मऊ पोळी, सोबत बटाटा, लांब शेंगांची भाजी, हवं तर कोंबडी. ‘बारा’ नावाचा पदार्थ मागवला तर आला आपला वडाच, मध्ये भोक पाडलेला. चार दिवस पाव खाल्लेल्या मुलांनी तिथे जे खाल्लं ते बघून गल्ल्यावरच्या बाईंनी आणखी एक-एक वाढला.

त्या बाई साठीच्या होत्या. आमच्याशी सरनामी बोलल्या. ती त्यांची भाषा, भोजपुरी-अवधीच्या घराण्यातली, दीडशे वर्षं तिकडे वाढलेली. आम्ही हिंदीत बोललो, निम्मं त्यांना कळलं, निम्मं आम्हाला. त्यांच्या घराण्यातलं कोण कोणत्या गावाहून जहाजात चढलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, जिल्ह्याचं नाव तेवढं माहीत होतं. स्वतः त्या भारतात कधी आलेल्या नाहीत. बोलताना त्यांनी आजीचा उल्लेख केला, “आजी” असाच. मुलगा पोळी हातात धरून थांबला. “ह्यांच्यात पण आजी म्हणतात!” त्याला तो शब्द फक्त मराठीचा वाटत होता.

मागे टेबलं पुसत त्यांची नात होती, आमच्या मुलीच्याच वयाची. बाई तिच्याशी सरनामीत बोलायच्या आणि ती डचमध्ये उत्तर द्यायची. एकदा नाही, प्रत्येक वेळी. बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं, त्या आपल्या सरनामीत पुढे बोलत राहायच्या. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, कारण हे दृश्य आम्ही रोज घरी बघतो. आम्ही मराठीत विचारतो, “जेवलास का?” आणि उत्तर येतं, “हां, खा लिया.” तुमच्याकडे गुजरातीत येत असेल किंवा इंग्रजीत. त्या घरात पाच पिढ्या झाल्या. आपल्याकडे दुसरी-तिसरी चालू आहे, आणि महाराष्ट्राची हद्द तर इथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर.

निघताना मुलीने त्या नातीला विचारलं, इंग्रजीत, की तुला आजीचं बोलणं कळतं का? ती म्हणाली, सगळं कळतं. मग बोलत का नाहीस? तिने खांदे उडवले. ट्राममध्ये बसल्यावर मुलगी आम्हाला म्हणाली, “तुम्ही आता मला काही बोलू नका, मला माहीत आहे तुम्ही काय बोलणार आहात.” आम्ही काहीच बोललो नाही. नऊ दिवसांतला तो सर्वांत शांत प्रवास.

परत आल्यावर काय झालं ते सांगून थांबतो, कारण चिटणीस चहा तयार असल्याची खूण करत आहेत. 2 ऑगस्टच्या मुक्तिदिनासाठी शाळेत प्रकल्प करायचा होता. मुलीने शांतता महालाचा फोटो लावला, तीन निकालांची मतं लिहिली आणि ‘सरंजाम’ या शब्दासाठी अख्खं पान ठेवलं. त्यात वरच्या भागात 1779 चा तह आहे आणि खालच्या भागात आजीने सांगितलेली पूजेच्या सामानाची यादी. मास्तरांनी विचारलं, हे खालचं कशाला? ती म्हणाली, शब्द एकच आहे सर.

तिच्या वहीत एक पान अजून कोरं आहे: 1954 ते 1961. आपल्यापैकी काही घरं त्या आधीपासून इथे आहेत. काहींच्या सासरी-माहेरी त्या काळातल्या महसुलाच्या पावत्या, पंचायतीचे कागद, छाप मारलेली तिकिटं, निदान एखादं पाकीट, ट्रंकेत तळाशी पडलेलं असेल. नसलं तरी कोणाला आठवत असेल, तेव्हा वापीला जाताना कुठे अडवायचे, सिल्वासाच्या बाजारात कोणती नाणी चालायची. गणपतीचे दिवस आहेत, सरंजाम काढायला ट्रंका उघडल्याच आहेत. पुढच्या रविवारपासून मुलगी वही घेऊन एकेका घरी येणार आहे, बरोबर धाकटाही असेल. काकू, तिला काही खायला देऊ नका, तिचं जेवण होऊन ती येईल. आणि ती हिंदीत विचारायला लागली, तरी तुम्ही मराठीतच सांगा.